सिकलचं दुसरं पान

बायोडेटात उंची, वर्ण, शिक्षण, मामेकुळ सगळं जिथल्या तिथे होतं. माझी नजर अडकली ती सातव्या ओळीवर. ‘सिकल सेल तपासणी : एएस (वाहक).’ मी खिशातलं लाल पेन काढलं आणि त्या ओळीभोवती गोल केला. मला कोणी सांगितलं नव्हतं. पण ज्या माणसानं चौतीस वर्षं भिलाईच्या कारखान्यात रुळांची तपासणी केली, त्याचा हात आपोआप गोल करतो. रुळात केसाएवढी चीर दिसली की गोल करायचा आणि रूळ बाजूला काढायचा. त्यावर चर्चा होत नाही. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी माझं लाल पेन खिशातून निवृत्त झालं नव्हतं.

स्थळ पराग कापगते याचं होतं. राहणार उतई, वीज विभागात लाइन मेंटेनन्सचा सुपरवायझर. हे स्थळ माझ्या मुलीनं, नीतूनं, स्वतःच आणलं होतं. पण समाजात सांगताना ‘आलं’ असं म्हणायचं आमच्या घरात ठरलं होतं. बायोडेटाही केवळ माझ्या समाधानासाठी मागवला होता. आता ज्या कागदावर आपलं समाधान व्हायचं त्यात एक तरी खोट सापडू नये, तर मग बाप होऊन उपयोग काय?

आमच्या भंडाऱ्याकडच्या लोकांना आणि इकडच्या छत्तीसगडी लोकांना सिकल नवा नाही. प्रत्येक खानदानात एखादं पोर ‘हातपाय दुखतात’ म्हणत म्हणत लहानपणीच गेलेलं असतं. घरचे त्याला नजर म्हणतात, गठिया म्हणजे संधिवात म्हणतात, कावीळ म्हणतात, पण सिकल म्हणत नाहीत. त्यामुळे सिकल कायम दुसऱ्याच्या घरी असतो.

“पापा, एएस म्हणजे फक्त कॅरियर,” नीतू म्हणाली. ती दुर्गच्या शाळेत शिकवते, त्यामुळे घरीही शिकवते. “उसको कोई बीमारी नहीं है. अन् माही टेस्ट झाली, मी एए आहे. आमाले काहीच प्रॉब्लेम नाही.”

“कावून नाही? एस दिसून राहिला न?”

“एक एस है, पापा. बीमारी दो एस से होती है.”

“चीर एक असो का दोन, रूळ तं रिजेक्टच होते,” मी म्हणालो. हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते पुन्हा एकदा म्हणालो.

“अवो, ते पोरगं हाय, रूळ नोहे,” वंदना स्वयंपाकघरातून म्हणाली. वंदना म्हणजे माझी पत्नी. तिचं म्हणणं असं की परागची आई सिंधुताई उतईला मितानिन आहे, हे तिचं रोजचं काम आहे, तिलाच सरळ विचारावं. मितानिन म्हणजे महाराष्ट्रात जिला आशाताई म्हणतात ती. घरोघर फिरून तापाच्या गोळ्या देणारी, बाळंतिणीला दवाखान्यात पोचवणारी बाई. सिंधुताई आठवी शिकलेल्या. मी डिप्लोमा होल्डर. मी त्यांना विचारायला गेलो असतो तर माझा डिप्लोमा भिंतीवरून आपण होऊन खाली आला असता.

मी स्वतः अभ्यास करायचं ठरवलं.

अभ्यासाला पहिला हात लावला तो शेजारच्या बाबुलाल साहूंनी. बाबुलालजी क्रेन चालवून निवृत्त झाले. त्यांच्याकडे सल्ला मागावा लागत नाही. फाटक उघडलं की मिळतो. “लांजेवार भैया,” ते म्हणाले, “पहली बात, हल्ला झन कर.” म्हणजे गवगवा करू नको. “दूसरी बात, ये देख.” त्यांच्या मोबाइलवर पांढरा कोट घातलेला एक माणूस पुस्तकांच्या कपाटासमोर उभा राहून सांगत होता की सिकल एकवीस दिवसांत मुळापासून जातो. कसा जातो ते त्याच्या हातातल्या बाटलीवर लिहिलं होतं. तो व्हिडिओ संपला की आपोआप दुसरा सुरू झाला, दुसऱ्यातून तिसरा. मी लगेच एक रजिस्टर घातलं: तारीख, स्रोत, निष्कर्ष, शेरा. तीन दिवसांत सत्तावीस नोंदी झाल्या. नोंद क्रमांक चारप्रमाणे पराग चाळिशी पाहणार नव्हता. नोंद क्रमांक एकोणीसप्रमाणे, शेळीच्या दुधात कढीपत्ता उकळून घेतला तर तो नव्वदी गाठणार होता. मी चारसमोर ‘विश्वसनीय’ असा शेरा मारला, कारण ती माझ्या मताला धरून होती.

नीतूनं रजिस्टर पाहिलं आणि डोक्याला हात लावला. “पापा, ये आदमी चूरन बेच रहा है. वाचाचंच असन तं ढंगानं वाचा. लायब्ररीत जा. मथुरा मॅडमले विचारा.”

सूचना पटली. पुस्तक म्हणजे पुस्तक असतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून टाउनशिपमधल्या वाचनालयात गेलो. तिथं मला एक फॉर्म मिळाला. त्यात नाव, पत्ता आणि गेटपास क्रमांक. माझा गेटपास निवृत्तीच्या दिवशी जमा झाला होता, आणि तो जमा झाल्याचा कागद मी इतका जपून ठेवला होता की तो सापडत नव्हता. गेटपास नसेल तर एका जुन्या सदस्यानं वर्तणुकीची हमी द्यायची, असा नियम होता. बाबुलालजी छाती काढून पुढे आले. तेव्हा कळलं की त्यांनी दोन हजार तीन साली कुक्कुटपालनाचं पुस्तक नेलं होतं आणि त्यांचं सदस्यत्व तेव्हापासून निलंबित होतं. “कुकरी घलो गिस, किताब घलो गिस,” म्हणजे कोंबडीही गेली, पुस्तकही गेलं, असं म्हणून ते घरी निघून गेले.

खिडकीवरच्या बाईंनी रजिस्टर चाळून विचारलं, “मरोदा सेक्टर का? तुमच्या क्वार्टरच्या पत्त्यावर एक सदस्य आहेत की. वंदना लांजेवार. अकरा वर्षांपासून.”

अकरा वर्षं! मी ड्यूटीवर असताना ही बाई दर शनिवारी इथं येऊन कादंबऱ्या नेत होती आणि मला वाटत होतं ती भाजीला जाते. मी घरी येऊन फॉर्म तिच्यापुढे ठेवला. तिनं चष्मा लावला, सगळा फॉर्म वाचला आणि म्हणाली, “बाकी ठीक हाय. पन वर्तणुकीची हमी मी कावून देऊ जी?” शेवटी तिनं सही केली, पण आधी मला दोन मिनिटं उभं ठेवलं.

मथुरा मॅडम म्हणजे आतल्या ग्रंथपाल, दुर्गच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. बोलणं शुद्ध, आवाज खणखणीत. आरोग्याचं कपाट कुलपात होतं, कारण लोक ब्लेडनं पानं कापून नेतात. कोणती ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वाचन टेबलावर आमच्या समाजाचे सचिव आनंदराव वर्तमानपत्र वाचत बसले होते, म्हणून मी मॅडमच्या कानाजवळ जाऊन हळूच विषय सांगितला.

“सिकल सेल?” मॅडम सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “मग स्पष्ट बोला ना. लाजायचं काय त्यात?”

आनंदरावांचं वर्तमानपत्र चार बोटं खाली आलं.

“मित्रासाठी पायजे होतं,” मी म्हणालो.

मॅडमनी कपाट उघडलं. मी सरळ सगळ्यात जाड पुस्तकाला हात घातला. ते त्यांनी माझ्या हातून काढून परत ठेवलं. “हे एकाहत्तर सालचं आहे. जाडी पाहून रोग समजत नाही.” मग त्यांनी मला तीन प्रश्न पाठ करायला लावले: कोणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि लिहिणारा काही विकतोय का. मी शाळकरी पोरासारखे म्हणून दाखवले. त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि सरकारी आरोग्य खात्याची माहिती उघडून दिली. दोनच पानं, साध्या हिंदीत, खाली तारीख आणि तज्ज्ञांची नावं. मी म्हणालो, छापून द्या, मला कागदावरच समजतं.

“एका सदस्याला दिवसाला एकच पान,” मॅडमनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. “आज पहिलं न्या, उद्या येऊन दुसरं न्या. नाहीतर दुसरं इथंच बसून वाचा. पण ते वाचल्याशिवाय काही ठरवू नका. महत्त्वाचं तिथंच आहे.”

एक वाजत आला होता, एकला वाचनालय बंद होतं आणि एकलाच मी जेवतो. मी पहिलं पान घेतलं. त्याच्या कोपऱ्यात वाचनालयाचा गोल निळा शिक्का होता. शिक्का पाहून मला जो आनंद झाला तो आता सांगायलाही लाज वाटते. पानावर सगळं होतं: सांधेदुखी, रक्त कमी होणं, वारंवार संसर्ग, डोळे पिवळे होणं, अकाली मृत्यू. घरी येईपर्यंत माझी पूर्ण खात्री झाली. दुसऱ्या दिवशी मी दुसरं पान आणायला गेलो नाही. ज्या रुळाचा निकाल लागला तो कोणी पुन्हा तपासतो का?

त्याऐवजी मी समाजाच्या ग्रुपवर लिहिलं. चारशे बारा सदस्य, रायपूरपासून गोंदियापर्यंत. मी मोठ्या संयमानं, कोणाचंही नाव न घेता लिहिलं. ‘समाजबंधूंनो, उतई येथील, वीज विभागात कार्यरत, मितानिन आईच्या एकुलत्या मुलाच्या स्थळाबाबत कळवण्यास अत्यंत खेद होतो की मुलगा सिकलग्रस्त आहे. सोबत शिक्क्यासह पुरावा. आमच्या खानदानात असला दोष नाही व येऊ देणार नाही. आपणही सावध राहावे.’ नाव घेतलं नव्हतं. फक्त बाकी सगळं घेतलं होतं.

त्रेसष्ट अंगठे आले. आनंदरावांनी लिहिलं, ‘अत्यंत समाजोपयोगी कार्य.’ मी ते वंदनाला वाचून दाखवलं. तिनं भांडी घासता घासता नळ मोठा केला.

नीतू संध्याकाळी शाळेतून आली ती दारातच उभी राहिली. मला वाटलं ओरडेल. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, “पापा, वो भी उसी ग्रुप में है.”

“बरं झालं,” मी म्हणालो, “त्याले बी माहिती मिळाली.”

हे मी खरोखर म्हणालो. माझ्याच तोंडानं. त्यानंतर नीतू माझ्याशी बोलायची बंद झाली. मीठ हवं असलं तरी आईमार्फत मागायची, आणि मीठ माझ्यासमोरच असायचं. पहिले दोन दिवस मी ते मानहानी म्हणून धरलं. तिसऱ्या दिवशी ती न जेवता शाळेत गेली, तेव्हा मीही ताट सरकवून उठलो. पण चुकलो असेन असं मनात येऊ द्यायला मी अजून तयार नव्हतो.

इतक्यात ग्रुपवर एका आगाऊ माणसानं विचारलं, ‘काका, आपल्या खानदानाचा रिपोर्ट टाकता का?’ वंदनाही म्हणाली, “खानदानात दोष नाही म्हनता, तपासलं कवा?” मी म्हणालो, तपासून टाकतो, लॅमिनेट करून टाकतो.

आरोग्य केंद्रात रांग होती. पुढे शाळेची पोरं, मागे लग्न ठरलेली जोडपी, मध्ये मी, वय वर्षं एकोणसाठ. फॉर्मवर तपासणीच्या कारणाचे तीनच चौकोन होते: शाळा, विवाह, गर्भधारणा. ‘प्रतिष्ठा’ असा चौकोन नव्हता. निशा नावाच्या टेक्निशियन मुलीनं थोडा विचार करून ‘विवाह’वर खूण केली आणि निरागसपणे विचारलं, “अंकल, दुल्हन साथ में आई है क्या?” मागच्या जोडप्यातली मुलगी ओढणी तोंडावर धरून हसली. मी बोट पुढे केलं आणि छताकडे पाहत राहिलो. बोटाच्या रक्तावर तिचं भागलं नाही. तिनं दंडाचंही घेतलं आणि मोठ्या तपासणीला पाठवलं. मला वाटलं, माझ्या वयाचा मान ठेवला.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. लॅमिनेशनचं कव्हर माझ्या हातातच होतं. कागदावर लिहिलं होतं, चिंतामणी लांजेवार, पुरुष, एकोणसाठ, एएस.

मी निशाला विचारलं, मशीनचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं. नमुना बदलला असेल, असंही सुचवलं. माझ्याच नावाचा दुसरा कोणी चिंतामणी लांजेवार रांगेत होता का, हेही विचारलं.

“अंकल, दो बार चलाया है,” ती म्हणाली. “आप बहस करोगे, ये उसी दिन समझ में आ गया था.”

घरी आल्यावर मी शिक्क्याचं पान काढलं आणि पुन्हा वाचलं. आता त्यातला शब्द न् शब्द माझ्याबद्दल होता. गुडघे तर दोन हजार अकरापासून दुखत होते. ट्यूबलाइटखाली आरशात पाहिलं तर डोळे पिवळे दिसले. ट्यूबलाइटखाली आमची भिंतही पिवळी दिसते, पण तेव्हा ते सुचलं नाही. रजिस्टरातली चार नंबरची नोंद काढली. त्या नोंदीप्रमाणे मी एकोणीस वर्षांपूर्वीच वारलो होतो. मी पलंगावर आडवा झालो आणि वंदनाला हाक मारून क्वार्टरचे कागद कुठल्या पेटीत आहेत ते सांगायला लागलो.

“पंधरा दिवसाआधी तुमी पराग्याले मारून राहिले होते,” ती म्हणाली. “आता सोता मरून राहिले. जेवून घ्या आधी, भाजी थंडी होऊन राहिली.”

“वंदना, मले भेव वाटून राहिलं.”

ती माझ्याजवळ बसली. हसली नाही. “त्याले नसन वाटलं का जी?” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी मी पायरीवर बसलो होतो. मथुरा मॅडम आल्या, कुलूप काढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम, दुसरं पान.”

“मित्रासाठी?”

“नाही,” मी म्हणालो. “माझ्यासाठी.”

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. पान छापलं, शिक्का मारला आणि समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. इथंच वाचा, असा त्याचा अर्थ होता. मी वाचलं. ज्याच्यात एकच एस आहे तो वाहक. वाहक म्हणजे रोगी नव्हे. तो इतरांसारखं सर्वसाधारण आयुष्य जगतो. दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणात चारांत एक शक्यता की मुलाला रोग होईल. एक वाहक आणि दुसरा एए असेल तर मुलाला रोग होणार नाही. शेवटी जाड अक्षरांत होतं : तपासणी माहितीसाठी आहे, कुणाला नाकारण्यासाठी किंवा कमी लेखण्यासाठी नाही. एकूण बावीस ओळी होत्या. मोजल्या, कारण मान वर करायची हिंमत नव्हती. परागचा निकाल लावायला मला एक पान पुरलं होतं, आणि माझ्या वेळेला मी दुसऱ्या पानासाठी पायरीवर येऊन बसलो होतो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मॅडमनी पाण्याचा ग्लास ठेवला, तोही आवाज न करता.

तिथून मी स्कूटर काढून सरळ उतईला गेलो. घरी गेलो असतो तर वंदनाच्या मागे लपलो असतो.

सिंधुताई घरी नव्हत्या, अंगणवाडीत होत्या. पंचवीस-तीस बाया सतरंजीवर बसल्या होत्या आणि त्या उभ्या राहून बोलत होत्या. बारीक, सावळ्या, औषधाची पेटी पायाशी. मला पाहून थांबल्या. ओळखलं असावं, समाजाच्या ग्रुपवर माझा फोटो हार घातलेला आहे, निवृत्तीचा.

“या जी,” त्या म्हणाल्या. “बसा.”

बसायला लहान मुलांची खुर्ची होती. तिच्यात बसल्यावर माझे गुडघे छातीला लागले. त्या अवस्थेत मी म्हणालो, “सिंधुताई, मी माफी मागाले आलो.” आणि खिशातून रिपोर्ट काढून त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो वाचला, घडी केली आणि परत दिला. “माफीचं मी का करू?” त्यांचा आवाज चढला नाही. “तुमचा मेसेज आला अन् उतईत अकरा जनायनं टेस्ट कराले नाही म्हनलं. सात घरायनं बायोडेटावरून सिकलची लाइन खोडली. ते लाइन लिवाले लावाले मले सहा वर्सं लागले होते.”

मी रिपोर्ट खिशात घातला. त्या बोलत राहिल्या.

“मले एक पोरगी होती, रोशनी. परागपेक्षा मोठी. तिचे हातपाय दुखत, थे रात न् दिवस रडे. आमी नजर म्हनलं, झाडफूकवाल्या बैगाकडे नेलं, ताईत बांधले. नऊ वर्साची असतानाच वारली. मंग एक डॉक्टरनं आमा दोघांईचं रक्त तपासलं. मी बी एएस, तिचे बाबा बी एएस. आमाले कोनी आधी सांगतलं असतं तं.” त्यांनी पायानं औषधाची पेटी बाजूला केली. “म्हून परागच्या बायोडेटावर मी सोता लिवलं. लपवाचं नाही म्हून.”

मी ज्या ओळीभोवती लाल गोल केला होता ती ओळ त्या बाईनं आपल्या मेलेल्या मुलीपायी लिहिली होती. मला त्या लहान खुर्चीतून उठताही येईना आणि बसवतही नव्हतं.

“माफी मले नोको,” सिंधुताई म्हणाल्या. “जिथी लिवलं, तिथीच लिवा. आता.”

मी मोबाइल काढला. तीस बायांच्या देखत मसुदा करायला लागलो. ‘समाजबंधूंनो, पूर्वीच्या संदेशातील काही त्रुटींबाबत खेद’ इतकं लिहून मोठ्यानं वाचलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “खेद नोको लिवा बापा. चुकलो लिवा.” चौतीस वर्षं मी कारखान्यात पत्रं लिहिली, ‘खेद’च्या पुढे कधी गेलो नव्हतो. दुसरी म्हणाली, “सोताचं नाव लिवा, वय लिवा.” तिसरी म्हणाली, “लहान लिवा, लंबं कोनी वाचत नाही.” शेवटी जे गेलं ते असं होतं : ‘मी चुकलो. मी अर्धंच वाचलं होतं. मी, चिंतामणी लांजेवार, वय एकोणसाठ, स्वतः एएस आहे आणि धडधाकट आहे. पराग कापगते धडधाकट आहे. त्याच्या आईनं खरं लिहिलं, मी खोटं पसरवलं. सोबत दोन्ही पानं.’

ग्रुपवर एकही अंगठा आला नाही. चारशे बारा माणसं एकदम झोपल्यासारखी झाली.

“याईले काईच झालं नाही का इतक्या वर्सांत?” म्हातारीनं सिंधुताईंना विचारलं.

“काईच नाही.”

“अक्कल तेवढी उशिरा आली,” मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळी अंगणवाडी हसली. मीही हसायचा प्रयत्न केला. मग सिंधुताईंनी मला उभं करून दुसरं पान वाचायला लावलं. मी वाचलं. आठवी शिकलेल्या बाईनं माझे दोन उच्चार सुधारले आणि एक ओळ मला न समजता वाचली म्हणून पुन्हा वाचायला लावली. माझं वाचून झाल्यावर चार बायांनी उद्याच्या तपासणीला नावं दिली. तेवढ्यात मोबाइल वाजला. आनंदरावांचा खासगी मेसेज होता : ‘कोणाला सांगू नका, आमच्याकडेही आहे. कोणाला विचारावं?’ मी काही न लिहिता सिंधुताईंचा नंबर पाठवला.

बाया गेल्यावर सिंधुताई मला घरी घेऊन गेल्या. “लग्न तं ते दोघं ठरवतीन,” त्या वाटेत म्हणाल्या. “त्यात आपलं काम फक्त वऱ्हाडाले जेवाले घालाचं.”

पराग दुपारच्या जेवणाला आला होता. मला पाहून दारात थांबला, हातातले रबरी मोजे काढून खिशात कोंबले. मी उभा राहिलो. “पराग,” मी म्हणालो, “मी तुह्याबद्दल जे लिवलं…”

“काका, मले सगळं माहीत होतं,” तो म्हणाला. “आई रोज हेच शिकवते. एएसले काही नाही होत, मी दहाव्या वर्षापासून ऐकून राहिलो. फिर भी वो मैसेज पढ़ने के बाद तीन दिन मी खांबावर चढलो नाही. वाटे, खरंच काही असन तं? ड्यूटीवर खोटं सांगतलं का पाय मुरगळला म्हून.” तो खाली पाहत होता. “नीतूले हे सांगजा नोका. मले लाज वाटते.”

लाज त्याला वाटत होती. मी हात जोडले. त्यानं ते धरून खाली केले आणि म्हणाला, “बसा काका, आईनं तुमच्यासाठी बी भात टाकला.”

सिंधुताईंनी ताटं वाढली. पराग माझ्या शेजारी बसला. मी जेवलो, पण पूर्ण वेळ ताटाकडेच पाहत जेवलो.